नंबर उतरला तेव्हा

लेक सव्वा वर्षाची होती. डाव्या डोळ्याचा नंबर आठ महिन्यांत अधिक १९ वरून अधिक १२ वर आला, हे ऐकून मी हरखले. इलॅस्टिकनं डोक्याला बांधलेला तो जाड भिंगांचा चष्मा आता हलका होईल, एवढंच मनात आलं. डॉक्टरांनी मात्र जुना कागद पुन्हा काढला आणि म्हणाले, "उजव्याचा का नाही मग एवढा उतरला?"

तिला दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू. सातव्या आठवड्यात एका डोळ्याची, आठव्यात दुसऱ्याची शस्त्रक्रिया झाली. उशीर झाला तर मेंदू नीट बघायला शिकत नाही, म्हणून घाई. पण इतक्या कोवळ्या वयात शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला पुढे काचबिंदूचा धोका असतो, हे तेव्हाच सांगितलं होतं. मोतीबिंदू निघाल्याच्या आनंदात ते मागे पडलं. मधली तपासणीची एक तारीखही मी चुकवली. घरात लग्न होतं, पोर हसतखेळत होती.

भूल देऊन तपासलं. डाव्या डोळ्याचा दाब ३२. साधारणपणे तो १० ते २१ असतो. बाळाच्या डोळ्याचं कवच लवचीक असतं. दाब वाढला की डोळा ताणला जाऊन लांबतो आणि अधिकचा नंबर भराभर उतरतो. मी जिला सुधारणा समजले, तीच काचबिंदूची खूण होती. अंगणात नेलं की ती माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. मला वाटायचं, लाजते. तिला उजेड सोसत नव्हता.

तेव्हापासून रोज दोनदा थेंब. थेंब घातला की नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी उतरतं. आता दाब १७ आहे. थेंबांनी भागलं नाही, तर शस्त्रक्रिया.

अमेरिकेत १ ते ६ महिन्यांच्या वयात एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. १० वर्षांत काचबिंदूचं प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे पहिलं वर्ष सुखरूप गेलं म्हणून निर्धास्त होता येत नाही.

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. म्हणून अशा बाळाच्या आईबापांना हात जोडून सांगते, पोर कितीही छान खेळत असो, तपासणीची तारीख चुकवू नका. लग्न आपल्यावाचूनही लागतं.