आमची नवी पाटी



गेल्या जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी पडद्यावर पळणारी हरणे दाखवली. त्यानंतर अनेक पालकांनी विचारले, ही चित्रे कशावर काढली आणि घरी घ्यायचे झाल्यास काय घ्यावे? विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांचा प्रश्न निराळा होता : "ती आधीची महागडी पाटी कुठे आहे?" दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून येथेच लिहितो.

आधी आमची चूक. तीन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने चित्रकलेसाठी देणगी दिली. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि संगणकाशी ओळख चाळिशीनंतरची. तरी आम्ही एकटेच एम. पी. नगरात गेलो. दुकानात पडद्यावरच चित्र काढता येणारा ग्राफिक्स टॅबलेट पाहिला आणि भुललो. चित्रकलेच्या बाईंना बरोबर न्यावे, हे सुचलेच नाही. सगळी देणगी त्या एका वस्तूत गेली. शाळेत आणल्यावर कळले, की त्याला तीन वायरी लागतात आणि आमच्या जुन्या संगणकांना एचडीएमआय पोर्टच नाही. मधला जोड आणून तो चालू केला. पण चाळीस मुलांत एक पाटी! एका तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. त्यात ओरखडा पडेल ही धास्ती. शेवटी तो आमच्या कपाटात गेला आणि किल्ली आमच्याच खिशात राहिली.

दिवाळीत तो विद्यार्थी भोपाळला आला. म्हणाला, "सर, मुलांनी काढलेले काही दाखवा ना." दाखवायला काही नव्हते. चहा पाजून त्याला निरोप दिला. त्या रात्री झोप लागली नाही.

बाईंना हे सांगितले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्या भाचीचा साधा, पडदा नसलेला टॅबलेट आठवडाभरासाठी मागून आणला. काढण्याची जागा सुमारे सहा इंच लांब, चार इंच रुंद. हात टेबलावर चालवायचा आणि बघायचे संगणकाकडे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या रेघा वाकड्या. आम्हीही प्रयत्न केला. आमचा 'अ' कोणाला वाचता आला नाही. चौथ्या दिवसापर्यंत सातवीच्या मुलांचे हात मात्र बसले. वर्तुळ काढले की अंडे उमटायचे, तेव्हा एका मुलाने शोधून काढले, की पाटीचे आणि पडद्याचे प्रमाण जुळत नाही. ते सेटिंगमध्ये जुळवावे लागते. एक मुलगी डावखुरी. वायर तिच्या हाताखाली येई. पाटी उलटी फिरवून सेटिंग बदलले आणि तिची अडचण संपली.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून छोटी फिल्म केली आणि ती दाखवून मोठ्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. बाईंनी तेच केले. मुलांचा तीन सेकंदांचा उडणारा पोपट त्यांनी विश्वस्तांच्या बैठकीत दाखवला आणि सहा साधे टॅबलेट मंजूर झाले. सहांची मिळून किंमतही त्या एका पाटीहून कमीच.

खरेदीला या वेळी बाई पुढे, आम्ही पिशवी धरून मागे. दुकानदार दाबाच्या पातळ्या मोजून दाखवत होता : याला २०४८, त्याला ८१९२. बाईंनी दोन्हींवर रेघ ओढून पाहिली आणि म्हणाल्या, मुलांना हा फरक कळणार नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच : पेनाला चार्जिंग लागू नये (पाटीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारे पेन घेतले), पृष्ठभाग कागदासारखा किंचित खरखरीत असावा, झिजणारी टोके जास्तीची मिळावीत, आणि आमच्या जुन्या संगणकांवर चालावा. चित्रासाठी 'क्रिता' वापरतो. ते मोफत आहे आणि त्यात अ‍ॅनिमेशनही होते.

हरणे सुचली भीमबेटकाच्या सहलीत. आपल्या वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेली ती शैलचित्रे. ते स्वतः चित्रकार होते, हे मुलांना तेथेच कळले. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी बारा चित्रे. दहा सेकंदांच्या धावेसाठी १२० हरणे! सहा गटांनी वीस-वीस वाटून घेतली. एका गटाच्या हरणाला मधेच पाचवा पाय फुटला. तो तसाच ठेवला आहे. कोणाला दिसला असेल तर कळवावे.

काही पालकांना वाटते, आता वही सुटणार. बाईंचा नियम असा, की प्रत्येक हरीण आधी पेन्सिलीने वहीत. आपल्या भोपाळातही २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेतही चित्र कागदावरच काढावे लागते.

महागडी पाटी आता चित्रकला कक्षात असते. रंग भरण्याचे शेवटचे काम तिच्यावर होते. एक ओरखडा पडला आहे. त्या माजी विद्यार्थ्याला सगळे खरे लिहून हरणांची फिल्म पाठवली. त्याचे उत्तर एका ओळीचे आले : "सर, किल्ली बाईंकडेच राहू द्या." ती त्यांच्याकडेच आहे.

घरी टॅबलेट घेऊ इच्छिणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी कोणत्याही शनिवारी शाळा सुटल्यावर मुलाला घेऊन यावे आणि आमच्या सहांपैकी एकावर त्याला तासभर बसवून पाहावे. आपला संगणक किती जुना आहे, तेही लिहून आणावे.