चालीला चाल

‘चाल’ या मराठी शब्दात पावलांची ढब आणि गाण्याची स्वररचना असे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, आणि ख्रिस्ती विवाहविधीत पियानोवर काय वाजवावे हे ठरवणाऱ्या वादकाचे बहुतेक काम या दोन अर्थांची गाठ घालून देण्याचेच असते. वधूवरांचे कुटुंबीय सहसा आवडत्या सुरावटींची यादी घेऊन येतात, त्यांतली कोणती अधिक सुंदर यावर बराच वेळ बोलतात, आणि ते बोलणे ऐकायला गोडही वाटते. परंतु विधीच्या दृष्टीने पहिला प्रश्न सौंदर्याचा नाही. रचना कोठे कोठे थांबवता येते, हा पहिला प्रश्न आहे, आणि तो विचारला की यादीतील बरीच नावे आपोआप गळतात.

विधीत संगीताचे मुख्य प्रसंग चार असतात. पाहुणे जमत असताना वाजायचे पूर्वसंगीत. करवल्या आणि नवरी दारापासून वेदीपर्यंत चालत येतात तेव्हाचे प्रवेशसंगीत, ज्याला प्रोसेशनल म्हणतात. नोंदवहीवर सह्या होत असतानाचे संगीत. आणि शेवटी नवदांपत्य बाहेर पडते तेव्हाचे निर्गमनसंगीत, म्हणजे रिसेशनल. पहिल्या प्रसंगात वादकाला पुष्कळ मोकळीक असते आणि शेवटच्यात लोक इतके आनंदात असतात की चुकाही खपून जातात. खरी परीक्षा मधल्या दोन प्रसंगांत होते, कारण त्यांची लांबी वादकाच्या हातात नसते. मध्यम आकाराच्या चर्चमधील मधली वाट २५ मीटर धरली आणि लग्नाच्या पोशाखातील पाऊल अर्ध्या मीटरचे मानले, तर नवरीची ५० पावले होतात. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत दर ठोक्याला एक पाऊल पडले, तर ती ५० सेकंदांत वेदीशी पोहोचते. हा हिशेब कागदावर चोख उतरतो, पण प्रत्यक्षात एखादी छोटी करवली मध्येच थांबते, झग्याचा घोळ बाकाला अडकतो, नाहीतर वडिलांचे पाऊल जड होते, आणि ५० सेकंदांची दोन मिनिटे होतात.

मराठी वाचकाला ही अडचण अपरिचित वाटू नये. हिंदू विवाहात अंतरपाट धरल्यावर मंगलाष्टके मुहूर्ताची घटिका भरेपर्यंत म्हणायची असतात. वेळ उरला तर आत्या-मावश्या हौसेने रचलेली आणखी कडवी म्हणतात, आणि क्षण जवळ आला की गुरुजी सूत्रे हाती घेऊन नेमक्या जागी आणून सोडतात. शार्दूलविक्रीडित हे १९ अक्षरांचे, बाराव्या अक्षरावर यती असलेले वृत्त या कामी फार सोयीचे पडते, कारण प्रत्येक कडवे स्वतःपुरते पूर्ण असते आणि कोणत्याही कडव्याशी थांबले तरी अर्धवट वाटत नाही. चर्चमधल्या वादकालाही नेमका असाच लवचीकपणा हवा असतो. फरक इतकाच, की त्याचा मुहूर्त घड्याळात नसून नवरीच्या पावलांत असतो.

योहान पाखेलबेल (१६५३–१७०६) या जर्मन संगीतकाराचा डी मेजरमधील कॅनन लग्नांत इतका का वाजतो, याचे उत्तर बहुतेक लोक त्याच्या गोडव्यात शोधतात, पण खरे कारण त्याच्या बांधणीत आहे. कॅनन म्हणजे अशी रचना, जिच्यात एका वाद्याने घेतलेली सुरावट ठरावीक अंतराने दुसरे आणि मग तिसरे वाद्य जशीच्या तशी उचलते. मूळ रचना तीन व्हायोलिनांची आहे, आणि त्यांच्याखाली खर्जात आठ स्वरांची एक ओळ सतत फिरत राहते. डी हा षड्ज मानला तर ती ओळ सा, प, ध, ग, म, सा, म, प अशी वाचता येते. एकल तबल्याला जसा लेहरा, तशी ही ओळ. तिची २८ आवर्तने होतात, प्रत्येक आवर्तन पंचमावर संपते, आणि पंचमाला षड्जाची ओढ असल्यामुळे वादकाला वाटेल त्या आवर्तनानंतर षड्जावर उतरून थांबता येते, जणू दर आवर्तनाला सम हात जोडून उभी आहे. वर सांगितलेल्या ६० ठोक्यांच्या लयीत एक आवर्तन आठ सेकंदांचे होते. म्हणजे नवरी वेदीशी पोहोचल्यावर जास्तीत जास्त आठ सेकंदांत संगीत सन्मानाने संपते. (मूळ रचनेत ही खर्जाची ओळ बहुधा चेलोच्या वाट्याला येते आणि त्या वादकांचा कॅननवरचा राग सर्वश्रुत आहे, पियानोवादकाचा डावा हात त्या मानाने सोशिक म्हणायचा.) गंमत अशी, की ही लग्नपरंपरा मुळीच पुरातन नाही. कॅनन पहिल्यांदा छापला गेला तो १९१९ साली, आणि फ्रेंच संचालक ज्याँ-फ्रान्स्वा पायार यांच्या १९६८ सालच्या संथ लयीतील ध्वनिमुद्रणानंतर तो घराघरांत पोहोचला. ती संथ लयच त्याला चालण्याजोगी करून गेली.

याच्या उलट क्लोद देब्यूसीची ‘क्लेअर दे लुन’ ही १९०५ साली प्रसिद्ध झालेली रचना. यादीत ती जवळजवळ नेहमी असते, आणि प्रवेशासाठी ती जवळजवळ नेहमी चुकीची ठरते. तिच्या सुरुवातीला ठोका मुद्दाम धूसर ठेवलेला आहे, त्यामुळे पाऊल कशावर टाकावे हे कळत नाही. पुढे ती हळूहळू भरत जाते आणि मध्ये तोडली तर तुटल्यासारखीच वाटते. रोबर्ट शूमानच्या ‘ट्रॉयमेराय’चेही तेच, तिची लय श्वासागणिक सैल आणि घट्ट होते, आणि अशा लयीवर चालणाऱ्या माणसाचा तोल जातो. दोन्ही रचनांना पूर्वसंगीतात मानाचे पान द्यावे. सह्यांच्या वेळी मात्र बाखच्या १४७व्या कँटाटातील, १७२३ सालची, इंग्रजीत ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ या नावाने ओळखली जाणारी रचना उत्तम चालते. मायरा हेस या इंग्लिश वादिकेने केलेले तिचे पियानोरूप १९२६ साली प्रकाशित झाले. तिच्यातील तीन-तीन स्वरांची लड अखंड वाहते, अधूनमधून स्तोत्राच्या ओळी तिच्यावर तरंगत येतात, आणि दोन ओळींच्या मधला भाग आवश्यक तितक्या वेळा फिरवता येतो. साक्षीदाराचे पेन चालेना झाले तरी संगीत अवघडत नाही.

रिखार्ड वाग्नर आणि फेलिक्स मेंडेल्सन यांच्या दोन सुप्रसिद्ध रचनांचा विचार टाळता येत नाही. वाग्नरचे वधूगीत ‘लोएनग्रीन’ या ऑपेरातले असून त्याचा पहिला प्रयोग १८५० साली वायमार येथे झाला. मेंडेल्सनचे विवाहसंचलन शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी १८४२ साली लिहिले गेले. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचे १८५८ साली लंडनमध्ये लग्न झाले, त्यात या दोन्ही रचना वाजल्या, आणि प्रवेशाला वाग्नर, निर्गमनाला मेंडेल्सन हा रिवाज तेथून पसरला. ऑपेरात हे वधूगीत लग्न लागल्यानंतर, जोडप्याला शय्यागृहाकडे नेताना गायले जाते, आणि त्याच रात्री नायिका विचारू नये तो प्रश्न विचारते व संसार मोडतो. त्यामुळे काही चर्चमध्ये ते वाजवू देत नाहीत, आणि वाग्नरच्या ज्यूद्वेषामुळे अनेक ज्यू कुटुंबेही ते टाळतात. १८५० सालीच वाग्नरने टोपणनावाने लिहिलेल्या लेखात ज्यू कुळातल्या मेंडेल्सनवर टीका केली होती. त्याच दोघांना पुढे जगाने एकाच लग्नात आत यायला आणि बाहेर जायला जुंपले. पावलांच्या हिशेबाने पाहिले तर वाग्नरची रचना निर्दोष आहे, हेही मान्य करायला हवे: ठोका स्पष्ट, तुकडे छोटे, थांबायच्या जागा भरपूर.

पियानोची म्हणून वेगळी अडचण आहे ती स्वराच्या आयुष्याची. ऑर्गनची पट्टी दाबून धरली तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडल्या क्षणापासून स्वर विरू लागतो. म्हणून ऑर्गनसाठी बांधलेले लांब, जाड स्वरसमूह पियानोवर पोकळ वाटतात आणि ते फोडून, एकामागून एक स्वर घेत भरावे लागतात. चर्चचे उंच छत आवाज घुमवते, तेव्हा उजव्या पेडलचा उपयोगही बैठकीच्या खोलीपेक्षा निम्म्याने करावा, नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. कॅथलिक परंपरेत तर पियानो बराच काळ उंबऱ्याबाहेरच होता: पोप दहावे पायस यांच्या १९०३ सालच्या आदेशाने चर्चमधील पियानोवादनाला स्पष्ट मनाई केली होती, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांना स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. गोव्यात आणि वसईत आज इगर्जीतल्या लग्नात पियानोचा सूर, बहुधा विजेच्या कीबोर्डावरचा, सहज ऐकू येतो. तो सहजपणा इतका अलीकडचा आहे.

शब्दांचा प्रश्न वाद्यसंगीतातही सुटत नाही, कारण गाण्याची चाल वाजली की ऐकणाऱ्याच्या मनात शब्द उमटतातच. डॉली पार्टनचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ पियानोवर लग्नात हमखास मागितले जाते, आणि ते निरोपाचे गाणे आहे. आपल्या संगीतसहकाऱ्यापासून वेगळे होताना तिने ते लिहिले. शुबर्टच्या १८२५ सालच्या ‘आवे मारिया’चे शब्दही मुळात प्रार्थनापुस्तकातले नसून वॉल्टर स्कॉटच्या काव्यातील नायिकेचे आहेत, परंतु तेथे मनात उमटते ती प्रार्थनाच, म्हणून हरकत राहत नाही. हिंदी-मराठी चित्रपटगीतांनाही हीच कसोटी लावावी: ओळखीच्या गाण्याचे दुसरे कडवे काय म्हणते, हे मागणाऱ्याने एकदा आठवून पाहावे.

खरा पियानो असेल, तर कोकण-गोव्याच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. पावसाळ्यात ओलावा शोषून त्याचा लाकडी ध्वनिफलक फुगतो आणि सूर चढतात, हवा कोरडी झाली की ते उतरतात, आणि ही चढ-उतार सर्व पट्ट्यांत सारखी नसते. तेव्हा वाद्य आधी जागेवर न्यावे आणि मगच सुरात लावून घ्यावे. त्याच दिवशी, शक्य असेल तर, नवरीने लग्नातले बूट घालून वडिलांसोबत दारापासून वेदीपर्यंत एकदा चालून दाखवावे, आणि तेवढा वेळ वादकाने काहीही न वाजवता फक्त पावले मोजावीत.