२२ अँपिअरमधलं गाणं

उघड्या टपाच्या जुन्या गाडीत गाणी नीट ऐकू यावीत म्हणून मालक आधी मोठा अँप्लिफायर शोधतो. मुरलेला कारागीर आधी डायनॅमो बघतो.

इंग्लंडमधल्या एमजीबीचं उदाहरण घ्या. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीच्या गाड्यांना रेडिओ वेगळे पैसे मोजूनच मिळायचा. तो घेतला तरी एकच स्पीकर, तोही कन्सोलमध्ये, गुडघ्यांच्या पातळीला. आणि वीज पुरवायला ल्यूकसचा डायनॅमो, जास्तीत जास्त २२ अँपिअरचा. रात्री हेडलाइट, इग्निशन आणि हिटरचा पंखा मिळून त्यातला मोठा वाटा घेतात. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. सगळा भार सीटमागे बसवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर येतो.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. आजच्या रेडिओची धातूची पेटी निगेटिव्ह. तो तसाच डॅशबोर्डमध्ये सरकवला, पेटी पत्र्याला टेकली की शॉर्ट! म्हणून आधी गाडीची अर्थिंग बदलायची: बॅटरीच्या वायरी उलटायच्या, डायनॅमोला नवी ध्रुवता द्यायची, इग्निशन कॉइलच्या जोडण्या अदलाबदल करायच्या. टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तो उघडून आतली जोडणीही बदलावी लागते. हे काम घाईचं नाही, आणि ते नीट झाल्याशिवाय स्पीकरला हात लावू नये.

मग आवाजाचा हिशोब. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. उलट, एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा निवडला, तर १५ वॉटमध्ये ६० वॉटचं काम होतं. स्पीकरच्या खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्याला ग्राहक भुलतात. संवेदनशीलतेचा हा बारीक आकडा फार थोडे वाचतात. अशा गाडीत निर्णय मात्र त्यावरच ठरतो.

अंतराचंही तसंच. उघड्यावर स्पीकर कानापासून निम्म्या अंतरावर आणला की सुमारे ६ डेसिबल मिळतात, आणि त्यासाठी डायनॅमोकडून काहीच मागावं लागत नाही. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये थेट हेडरेस्टमधले स्पीकर मिळत असत. उघड्या गाडीच्या अडचणीला इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. जुन्या एमजीबीच्या सीटना हेडरेस्ट नसतात. तिथे सीटमागच्या जागेत छोट्या पेट्या ठेवून त्यांचं तोंड कानाकडे वळवता येतं. दारात स्पीकर बसवायचा मोह होतो, पण काच खाली उतरते ती त्याच पोकळीत; शिवाय पन्नास वर्षांहून जुना पत्रा एकदा कापला की तो पुन्हा मूळचा होत नाही. तो कापू नये, हे ठामपणे सांगायला हवं. पावसाची सर अचानक आलीच तर कागदी कोन भिजतो. पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड टिकते.

बेसचा हट्ट इथे सोडावा लागतो. वाऱ्याचा घोंघावा मुख्यतः खालच्या पट्टीतला, आणि टप उघडा असला की बंद केबिनमुळे बेसला मिळणारा आधारही जातो. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग छोट्या स्पीकरकडे जाऊच दिला नाही, तर त्यांचा कोन उगाच थडथडत नाही आणि गाणाऱ्याचा गळा मोकळा ऐकू येतो. गाण्याचे शब्द ज्या पट्टीत असतात तीच वाऱ्यातून वर काढायची.

ट्यूनिंग मात्र गॅरेजमध्ये करण्यात अर्थ नाही. टप खाली, रस्त्याचा नेहमीचा वेग, चालवणाऱ्यानं फक्त चालवायचं आणि शेजारच्यानं बटणं फिरवायची. टप चढवल्यावर तीच सेटिंग कर्कश लागते, म्हणून त्यासाठी दुसरी सेटिंग साठवून ठेवावी.