आवाज कमी कर

2024 च्या ऑगस्टमधली गोष्ट. मगरिबची नमाज पढून मी घरी आलो, तेव्हा लेक पुढच्या खोलीत मोबाईल घेऊन बसली होती. पॅरिस ऑलिंपिकमधल्या भालाफेकीच्या पदक समारंभाचा व्हिडिओ तिने लावला होता. दार उघडं होतं. आमच्या इमारतीत संध्याकाळी कुणाचंच दार बंद नसतं. कुणाकडे भांडण चाललंय आणि कुणाकडे कोणती मालिका, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

व्हिडिओत बँड सुरू झाला आणि स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, “आवाज कम कर गे.”

अम्मीला ती धून ओळखता येते असं नाही. त्याआधी निवेदकाने पाकिस्तानचं नाव घेतलं होतं, तेवढं तिला पुरलं. लेकीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. तोवर मीच हात पुढे करून मोबाईलचं बटण दाबलं होतं.

“पण अब्बा, नीरज तर उभा आहे,” ती म्हणाली.

खरंच उभा होता. मधल्या पायरीवर अर्शद नदीम. त्याने 92.97 मीटर भाला फेकून ऑलिंपिकचा विक्रम केला होता. एका बाजूला 89.45 मीटरवाला आपला नीरज चोप्रा, दुसऱ्या बाजूला ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स. तिन्ही झेंडे वर चढत होते, राष्ट्रगीत मात्र एकाचंच वाजत होतं. पदक समारंभाची रीतच तशी आहे. रौप्य आणि कांस्य जिंकणाऱ्याला आपला झेंडा दिसतो, पण कानावर पडतं ते दुसऱ्याच्या देशाचं गीत. ते संपेपर्यंत झेंड्यांकडे तोंड करून उभं राहायचं.

नीरज तसा उभा राहिला. हरियाणातल्या शेतकऱ्याचा मुलगा, भारतीय सैन्यातला अधिकारी, आणि समोर पाकिस्तानचं राष्ट्रगीत. त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही, घ्यायचं कारणही नव्हतं. इथे मिरज-सांगलीकडच्या एका घरात मात्र तीच धून मोबाईलमधून जिन्यापर्यंत जाऊ नये म्हणून एक बाप बटण दाबत होता. त्या बापाला शेजाऱ्यांनी आजवर वाकडा शब्द बोललेला नाही, हेही सांगायला हवं. रमजानमध्ये आमचा शिरखुर्मा त्यांच्याकडे जातो, दिवाळीत त्यांचा फराळ आमच्याकडे येतो. तरी बोट गेलंच.

याच्या बरोबर उलटं दृश्य आदल्या वर्षी होऊन गेलं होतं. ऑगस्ट 2023, बुडापेस्टची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. नीरज 88.17 मीटर, अर्शद 87.82. पस्तीस सेंटिमीटरचा फरक. त्या वेळी अर्शद दुसऱ्या पायरीवर होता आणि ‘जन गण मन’ला उभा होता. स्पर्धा संपल्यावर नीरज तिरंगा घेऊन फोटोला उभा राहिला, तेव्हा त्याने अर्शदलाही जवळ बोलावून घेतलं होतं. तो फोटो आम्ही घरात सगळ्यांना दाखवला होता. मोठ्या आवाजात, दार उघडं ठेवून.

दुसऱ्याच्या राष्ट्रगीताचा विषय निघाला की मला उसेन बोल्ट आठवतो. 2012 चं लंडन ऑलिंपिक. स्पेनच्या दूरचित्रवाणीची एक बातमीदार त्याची मुलाखत घेत होती आणि तेवढ्यात मैदानात अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं. बोल्ट जमैकाचा. धावपट्टीवर अमेरिकेशी त्याच्या देशाची जुनी चुरस. तो पायरीवर नव्हता, पदक त्याचं नव्हतं, कॅमेराही समारंभाचा नव्हता. बोलत राहिला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने बोलणं थांबवलं, मैदानाकडे वळला, गीत संपेपर्यंत गप्प उभा राहिला आणि मग पुन्हा मुलाखतीकडे वळला. हा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन. उभं राहून त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, एवढंच त्यात मला आवडतं.

आमच्याकडे हे असं सहज होत नाही. भारताचा क्रिकेट सामना सुरू होण्याआधी खेळाडू रांगेत उभे राहतात, राष्ट्रगीत लागतं आणि कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावरून सरकतो. साधारण 52 सेकंद. त्या 52 सेकंदांत मुसलमान घरात काय होतं, ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसावं. आम्ही आपल्या पोराचे ओठ बघतो. झहीर, इरफान, शमी, सिराज, जो असेल त्याचे. हलताहेत ना? कॅमेरा त्याच्यावर आला तेव्हाच नेमका तो आवंढा गिळत नव्हता ना? ही राखण आमच्यावर कुणी सोपवलेली नाही. आम्हीच करतो, कारण दुसरं कुणीतरी तेच बघत असेल अशी खात्री असते. विराटचे ओठ हलले की नाही, हे मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

7 जानेवारी 2021, सिडनी. कसोटीआधी राष्ट्रगीत चालू असताना मोहम्मद सिराजच्या डोळ्यांतून पाणी आलं. आदल्या नोव्हेंबरात त्याचे वडील हैदराबादेत वारले होते. रिक्षा चालवून त्यांनी पोराचं क्रिकेट उभं केलं होतं. सिराज तेव्हा ऑस्ट्रेलियात होता, करोनाचे दिवस होते, आणि तो संघासोबतच राहिला. मयतीला, मातीला जाता आलं नाही. मुलाला कसोटी खेळताना बघायची वडिलांची इच्छा होती, त्या वेळी त्यांची आठवण आली, असं त्याने त्या दिवशीचा खेळ संपल्यावर सांगितलं.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ‘बघा, आमचा मुलगा राष्ट्रगीताला रडतो,’ अशा ओळी खाली होत्या. मीही तो पुढे पाठवला. कॉलेजातल्या दोन-तीन मित्रांना मुद्दाम पाठवला. त्याची आज लाज वाटते. बाप गेलेल्या पोराचे अश्रू होते ते. त्याचं आम्ही प्रमाणपत्र करून टाकलं. अम्मीने मात्र व्हिडिओ पाहून एवढंच विचारलं, “घर जाके आया क्या नै?” नव्हता आला. पुढे ब्रिस्बेनला डावात पाच बळी घेऊन, मालिका जिंकून तो परतला, तेव्हा हैदराबादच्या विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीवर गेला.

त्याच सिडनीत प्रेक्षकांतून त्याला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं गेलं. आणि त्याचा रडतानाचा फोटो ज्यांनी कौतुकाने सर्वांसमोर ठेवला, त्यांत मुंबईचा वसीम जाफर होता. महिनाभरातच उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिल्यावर खुद्द जाफरवर धार्मिक पक्षपाताचे आरोप झाले आणि पत्रकारांसमोर बसून त्याला ते खोडून काढावे लागले. रणजीत ज्याने धावांचे डोंगर उभे केले, त्यालाही खुलासा द्यावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत एवढीच.

आता जरा अवघड माणसाकडे येतो. महमूद अब्दुल रऊफ. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला काळा बास्केटबॉलपटू, मूळ नाव ख्रिस जॅक्सन. 1991 मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला. 1996 साली, डेन्व्हर संघाचा आघाडीचा खेळाडू असताना, तो राष्ट्रगीताला उभा राहत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. हा झेंडा काहींसाठी जुलमाचं चिन्ह आहे आणि माझा धर्म मला यात सामील होऊ देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लीगने मार्च महिन्यात त्याला निलंबित केलं. एका सामन्यानंतर तडजोड निघाली. तो उभा राहील, पण राष्ट्रगीत चालू असताना डोळे मिटून, हात उचलून दुआ मागेल. तो तसा उभा राहिला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हंगाम संपल्यावर संघाने त्याला दुसरीकडे धाडलं, आणि काही वर्षांत त्या लीगमधली त्याची कारकीर्द आटोपली.

त्याच काळात त्याच लीगमध्ये हकीम ओलाजुवान होता, तोही मुसलमान, रमजानचे रोजे ठेवून सामने खेळणारा. ज्या देशात राहतो त्याचे कायदे पाळणं, त्याचा मान राखणं हे इस्लामला धरूनच आहे, अशी त्याची भूमिका होती. माझा कौल ओलाजुवानला आहे, आधीही होता. उभं राहणं म्हणजे इबादत नव्हे. नमाजमध्ये आम्ही कियाम करतो आणि वडीलधारं माणूस आलं तरी खुर्चीवरून उठतो. दोन्हीत फरक नियतीचा असतो. एका यहुदी माणसाचा जनाजा जात होता तेव्हा पैगंबर उठून उभे राहिले, तो यहुदी होता असं कुणी सांगितल्यावर त्यांनी, तोही एक जीवच नव्हता का, अशा अर्थाचा सवाल केला, ही हदीस आमच्या मदरशात पोरंसोरंही ऐकतात. दुसऱ्यासाठी उभं राहायला आम्हाला कुठून परवानगी आणायची गरज नाही.

पण अब्दुल रऊफची ती मिटल्या डोळ्यांची तडजोड मला कमी दर्जाची वाटत नाही. जर्मनीच्या मेसुत ओझिलनेही सांगितलं होतं की, राष्ट्रगीत चालू असताना तो कुराणातलं पढतो. उभा तर तो सगळ्यांबरोबर असायचा. तरी तो गात का नाही, यावर तिथे चर्चा झडल्या. स्पेनच्या खेळाडूंना हा ताप नाही. त्यांच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, ओठ हलवायचा प्रश्नच येत नाही!

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा प्रश्न 1986 मध्येच निकालात काढला आहे. केरळमधली एका ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला शिस्तीत उभी राहायची, गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की, आदराने उभं राहणारा माणूस गात नसेल तर तो अवमान नव्हे, आणि मुलांना परत घ्यायला लावलं. मुलं मुसलमान नव्हती, म्हणून हा निकाल आमच्या मोहल्ल्यात कुणाला माहीत नाही. मी स्वतः राष्ट्रगीत गातो, मोठ्याने गातो, सूर बेसूर असला तरी. पण कधीकधी गाता गाता शंका येते की, मी गातोय की शेजारच्याला ऐकवतोय.

त्या संध्याकाळी लेकीच्या बोलण्यावर मी काही उत्तर दिलं नाही. ‘असू दे’ म्हणालो. व्हिडिओ संपला. तिघे पायरीवरून उतरले. अम्मी हात पुसत बाहेर आली आणि विचारू लागली, दोघांत भांडण तर नाही ना झालं. लेक हसली. नीरजच्या आईचा एक व्हिडिओ तिच्याकडे होता. रौप्यही आम्हाला सोन्यासारखंच आहे आणि ज्याने सोनं जिंकलं तोही आपलाच मुलगा आहे, असं ती माउली पत्रकारांना सांगत होती. पलीकडे अर्शदच्या आईनेही नीरजबद्दल तसंच काहीसं म्हटलं होतं.

अम्मीला तो व्हिडिओ बघायचा होता. “कान के पास ला,” ती म्हणाली, “कुछ सुनायी नै देता.” मघाशी मी कमी केलेला आवाज लेकीला पुन्हा वाढवावा लागला.