तीनशे ओहम

चाळिशी उलटल्यावर माणसाला नवा छंद जडणे हे त्या वयात गोवर निघण्यासारखे आहे. लोक हसतात, आणि आपल्या अंगावर मात्र तो भलताच उठतो. माझ्या नशिबी हा गोवर हेडफोनच्या रूपाने आला.

मी जव्हार-मोखाड्याच्या मुलांना मराठी शिकवतो आणि राहतो जव्हारला. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहून पर्यटक संध्याकाळी परत जातात. मागे उरतो तो आमचा पाऊस. आषाढात घराच्या पत्र्यावर तो असा कोसळतो की, 'चहा ठेव' हे दोन शब्दसुद्धा स्वयंपाकघरात जाऊन सांगावे लागतात. अशा घरात कुमार गंधर्वांचे गाणे ऐकायचे कसे? कानाला हेडफोन लावून, दुसरे काय!

तेव्हा उत्तरपत्रिका तपासून साठवलेले पैसे खिशात घालून मी मुंबई गाठली. हेडफोनमध्येही दोन जाती असतात हे दुकानात कळले. बंद पाठीचा बाहेरचा गोंगाट अडवतो. उघड्या पाठीच्या कपांना मागे जाळी असते. तिच्यातून बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो, पण गाणे डोक्यात कोंडल्यासारखे न वाटता समोर मोकळ्यावर चालल्यासारखे वाटते. पाऊस म्हणत होता, बंद घे. कान म्हणत होते, उघडा घे. शहाणपणाच्या आणि कानांच्या भांडणात कान जिंकले. १९९७ साली बाजारात आलेला सेनहायझरचा एचडी ६०० मी घेतला. किंमत येथे लिहीत नाही. दिवाळी अंक आमच्या घरीही येतो.

रात्री पाऊस थांबल्यावर तो मोबाइलला जोडला, आणि काळजात चर्र झाले. दुकानात तंबोऱ्याची तार न तार वेगळी ऐकू आली होती. येथे सगळे गाणे शेजारच्या घरात चालल्यासारखे लहान आणि फिके. आवाज पुरा वाढवला, तरी त्यात जीव नाही. 'वस्तूच मंद आहे,' असा निकाल देऊन मी झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांपाशी हे रडगाणे गायलो. ते म्हणाले, "अहो मास्तर, दुकानात तो एका पेटीला जोडलेला होता ना? ती पेटी कुठे आहे?"

पेटी मी पाहिली होती. मला ती दुकानाची शोभा वाटली होती.

"तुमच्या हेडफोनचा अडथळा ३०० ओहम," ते सांगू लागले. "पोरांच्या कानांतल्या बोंडांचा १६ किंवा ३२. एक मिलिवॉट शक्ती ३२ ओहमला पोचवायला ०.१८ व्होल्ट पुरतात. ३०० ओहमला ०.५५ लागतात, म्हणजे तिप्पट. टाकी गच्चीवर आणि नळही गच्चीवरच, तर धार येईल का? टाकीत पाणी आहे, नळ चांगला आहे, दाब नाही."

पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकर, अशा तालुक्यात राहणाऱ्याला पाण्याचा दाखला लगेच पटतो.

"म्हणजे हेडफोन वाईट नाही?"

"मुळीच नाही. त्याला चालवणारा दुबळा आहे. ॲम्प्लिफायर घ्या. पण नुसते 'किती वॉट' विचारू नका. ३०० ओहमला तो किती व्होल्ट देतो ते पाहा. त्याचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या अडथळ्याच्या एक-अष्टमांशाच्या आत हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ३७ ओहमपेक्षा जास्त नको. आणि आवाज वाढवताना त्याने पदरचे काही मिसळता कामा नये. दुबळ्या यंत्रावर आवाज ताणला, तर तो मोठा होत नाही, फाटतो."

ॲम्प्लिफायर आला. सौभाग्यवतींनी विचारले, "आता ह्या डब्याला आणखी काय लागते?" मी म्हटले, "वीज." त्या म्हणाल्या, "मग पावसाळाभर शोभेलाच म्हणा!" पण वीज असलेल्या पहिल्या रात्री तंबोरा परत आला. तोच हेडफोन, तेच गाणे. मंद काहीच नव्हते.

येथवर सारे गमतीचे. पुढचे तसे नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे. प्रश्न विचारला की उभा राही, ओठ हलवी आणि खाली पाही. एकदा मी आवाज चढवून म्हणालो, "काय रे, जीभ घरी ठेवून आलास?" वर्ग हसला. त्यानंतर त्याने ओठ हलवणेही सोडले. वहीत त्याच्या नावापुढे मी शेरा लिहिला : मंद.

दिवाळीच्या सुटीआधी लोकसाहित्याचा प्रकल्प द्यायला तो घरी आला. हाताने लिहिलेली चार पाने, आणि मोबाइलवर त्याच्या आजोबांचा तारपा. "आजा आता नाही, सर," एवढेच तो बोलला.

मोबाइलवर तो तारपा भुंगा गुणगुणावा तसा वाजत होता. मी तार ॲम्प्लिफायरला जोडली आणि हेडफोन कानांवर ठेवला. भोपळ्यातून निघणारा भरदार सूर आला, अनवाणी पावलांची माती आली, आणि सुरांच्या खाली नाकाने आत ओढलेला म्हाताऱ्याचा श्वास आला. तारपा वाजवणारा गालांत हवा साठवून फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. सूर तुटत नाही. मी हेडफोन काढून त्या मुलाच्या कानांवर ठेवला.

त्याने दोन्ही हातांनी तो दाबून धरला. बराच वेळ. मग तो बोलू लागला, त्याच्या वारली बोलीत. भोपळा कसा वाळवायचा, बांबूच्या दोन नळ्या कशा बसवायच्या, ताडाच्या पानाचा कर्णा कसा वळायचा, मेणाने सांधे कसे बुजवायचे. नाचणारे तारपेवाल्याकडे पाठ का करीत नाहीत. अर्धा तास. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच दारात उभ्या राहिल्या.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीने गौरवले, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर एका तारपेवाल्याचा नातू बसला होता, आणि मी त्याच्याशी माझ्या पुस्तकी मराठीखेरीज कशात बोललो नव्हतो. बोलला नाही, तर आवाज चढवला होता. ओहम मोजायचे होते ते माझे.

सुटीनंतरच्या पहिल्या तासाला, हसलेल्या त्याच वर्गासमोर, मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचून खाली पाहत राहिला. पण पुढच्या प्रश्नाला उभा राहिला, आणि अर्धे उत्तर त्याने त्याच्या बोलीत दिले. वहीतला शेरा मी खोडला आहे. शाईचा होता, खालचा शब्द अजून दिसतो.

त्या रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, ह्या सगळ्याला मिळून नक्की किती पडले?"

खोटे बोलवेना. मी खरा आकडा सांगितला.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढे लागले होय तुम्हाला ऐकू यायला!"