विटेचा आवाज

अब्बा गवंडी होते. दोंडाईच्यात विटांचा ट्रॅक्टर आला की त्यातल्या दोन विटा उचलून एकमेकींवर हलकेच आपटत आणि कान देत. खणखणीत वाजल्या तर उतरवून घ्यायच्या, बद्द वाजल्या तर ट्रॅक्टर परत. शाळेत ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण शिकलो, त्या दिवशी मी ती त्यांना हौसेनं ऐकवली. त्यांनी चप्पल काढून उजव्या पायाचा अंगठा दाखवला. नख नव्हतं. ‘विटेनंच गेलं,’ म्हणाले.

दर निवडणुकीत मला तो अंगठा आठवतो.

लोकसभेला आमचा शिंदखेडा धुळे मतदारसंघात येतो. 2024 मध्ये महाविकास आघाडीनं राज्यातल्या 48 पैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नव्हता. काँग्रेसच्या नसीम खान यांनी नाराज होऊन प्रचाराला नकार दिला, तेव्हा आमच्या घरातही तोच विषय होता. मुलीचं पहिलंच मतदान. म्हणाली, ‘अब्बू, आपला माणूस उभा करायला नको, आपलं मत मात्र हवं. मी नोटा दाबणार.’ नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच खासदार होतो, हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त खोटं बटण दाबायचं नव्हतं.

तिचं मला पटत होतं, आणि पटतही नव्हतं. हात स्वच्छ ठेवण्याची किंमत मला एकट्याला मोजावी लागली असती, तर मोजली असती. पण गावात अफवा उठली की आधी शटर पडतं ते रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचं, मशिदीजवळच्या बेकरीचं. माझे स्वच्छ हात त्यांच्या काय कामाचे? 20 मेला उन्हात रांग लावली आणि पंजाचं बटण दाबलं. आनंदानं नाही, पण पूर्ण शुद्धीत.

4 जूनला निकाल लागला. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत, आमच्या शिंदखेड्यातही, भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यनं काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली, आणि त्या 3,831 मतांनी निवडून आल्या. लगेच ‘एकगठ्ठा मतं’ सुरू झालं. हा शब्द मला फार सलतो. मालेगावात गठ्ठे कापडाचे बांधतात. माणसं रांगेत एकेकटी उभी राहतात, आपापली भीती आणि आपापला हिशेब घेऊन. माझ्यासारखीच कित्येकजण नख गेलेला अंगठा लपवून उभी असतील.

अब्बा वीट लावण्याआधी हौदात बुडवून ठेवत. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग भिंत धरत नाही. बुडबुडे थांबेपर्यंत आम्हाला विटेला हात लावू देत नसत. मत देऊन घरी बसलो असतो, तर मी कोरडीच वीट लावली असती.

पावसाळ्यात मी मोहल्ल्यातल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी खासदारांना अर्ज लिहायला बसलो. मुलगी मागे उभी राहून वाचत होती. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘नम्र विनंती’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘मागणी’.