जंक्शन बुलेवार्डपलीकडचं घर

न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात जंक्शन बुलेवार्ड नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेला जॅक्सन हाइट्स, पूर्वेला कोरोना. वस्तीचं हे नाव महासाथीच्या कितीतरी आधीचं. आज त्या रस्त्यावरून चालताना इक्वेडोरची, मेक्सिकोची, कोलंबियाची, बांगलादेशची माणसं दोन्ही बाजूंना दिसतात आणि रस्ता ओलांडताना कुणाच्या मनात काही येत नाही. 1972 साली मी साताऱ्याहून तिथे गेले तेव्हा असं नव्हतं. अलीकडे गोरे आणि पलीकडे कृष्णवर्णीय अशी ती सरळ वाटणी होती. जुने रहिवासी त्या रस्त्याला 'मेसन-डिक्सन लाइन' म्हणत. गुलामगिरीची राज्यं आणि मुक्त राज्यं यांच्यामधली जी सीमा इतिहासात सांगतात, तिचंच नाव.

ही वाटणी आपोआप झाली नव्हती. जॅक्सन हाइट्स हे क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीनं 1910 नंतर वसवलेलं उपनगर. मधोमध बाग आणि भोवती देखण्या इमारती. या इमारतींत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना जागा द्यायची नाही, हा कंपनीचा शिरस्ता होता. ज्यूंसाठी दार दुसऱ्या महायुद्धानंतर उघडलं. कृष्णवर्णीयांसाठी ते 1968 चा घरांविषयीचा कायदा होईपर्यंत जवळपास बंदच राहिलं. आपली माणसं आज ज्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्या आणि सोनं घ्यायला जातात, तो याच जॅक्सन हाइट्समध्ये आहे.

माझे यजमान माझ्याआधी दोन वर्षं तिथे आले होते. त्या काळी 'थर्ड प्रेफरन्स'वर, म्हणजे शिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या आधारावर, ग्रीन कार्ड मिळे. ते मेकॅनिकल इंजिनिअर. एल्महर्स्टमध्ये तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहत होते. मी येणार म्हणून घर शोधायला लागले. टेलिफोनवर सगळं ठरायचं. दारात उभं राहिलं की जागा नुकतीच गेलेली असायची, आणि पुढच्या रविवारच्या पेपरात तीच जाहिरात पुन्हा दिसायची. कुणी वाईट बोललं नाही. हसतमुखानंच नाही म्हणाले.

शेवटी यजमानांच्या कारखान्यातल्या एका माणसानं सांगितलं, की कोरोनात एक विधवा बाई आपल्या घराचा वरचा मजला भाड्यानं देतात. हे ऐकून आमच्याच ओळखीच्या दोन कुटुंबांनी आम्हाला बसवून समजावलं. "तिकडे काळ्यांची वस्ती आहे. बायकामाणसांनी संध्याकाळनंतर बाहेर पडायची सोय नाही." ज्यांना स्वतःला रंगावरून घर नाकारलं गेलं होतं, ते हे सांगत होते. मला त्याचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो.

आम्ही गेलो. घरमालकीणबाईंनी दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डिसेंबरात मोज्यांशिवाय?" घराबद्दलचं बोलणं नंतर झालं. आधी मोजे आले.

बाई मूळच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या. दक्षिणेतली तंबाखूची आणि कापसाची शेतं, मतदानाची बंदी आणि झुंडीची भीती मागे टाकून 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. बाई त्यांतल्याच. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी आधी लोकांच्या घरी धुणीभांडी केली आणि मग एका इस्पितळात आया म्हणून काम केलं. नवरा पोस्टात होता. दोघांच्या पगारातून ते घर उभं राहिलं होतं. मी देशांतर करून आले होते, पण स्थलांतर म्हणजे काय असतं ते मी त्यांच्याकडून शिकले. गावाकडून आलेल्या भाच्याला पहिले सहा महिने फुकट ठेवायचं, त्याच्या नोकरीसाठी चर्चमध्ये शब्द टाकायचा, गावाकडे दर महिन्याला मनीऑर्डर करायची. मुंबईत गिरणगावात सातारा-रत्नागिरीची माणसं हेच करत होती.

त्या मला 'हनी' म्हणत, मी त्यांना 'मॅम'. त्या दक्षिणेतल्या, म्हणून वडीलधाऱ्यांशी अदबीनं बोलायची त्यांच्याकडे फार रीत. मला ते सोपं गेलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या चवळी शिजवत. ती त्यांच्याकडे शुभ मानतात. भेंडीही त्यांच्या घरात होती, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आफ्रिकेतून आलेली. पण खाण्यापिण्याचं मी जास्त सांगत नाही. त्यांनी मला खाऊ घातलं म्हणून मी त्यांची ऋणी नाही.

त्यांनी मला ते शहर उलगडून दाखवलं. नॉर्दर्न बुलेवार्डवर लँग्स्टन ह्यूज ग्रंथालय होतं. 1969 साली वस्तीतल्या लोकांनीच प्रयत्न करून ते एका जुन्या वूलवर्थ दुकानाच्या जागेत सुरू केलं होतं आणि त्याचा कारभारही तेच बघत. बाई शनिवारी तिथे मुलांना वाचून दाखवायला जात. मलाही नेलं. तिथे मी पहिल्यांदा अमेरिकेचा इतिहास वाचला, आणि तो कृष्णवर्णीय लेखकांनी लिहिलेला होता. हे माझं भाग्य. दुसरीकडे कुठे राहिले असते तर मी हा इतिहास कदाचित कधीच या बाजूनं वाचला नसता.

तिथून थोडं दक्षिणेला लुई आर्मस्ट्राँग यांचं घर. जगभर नाव झालेला हा ट्रम्पेटवादक 1943 पासून 1971 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच साध्या विटांच्या घरात राहिला. श्रीमंत वस्तीत जाणं त्याला परवडलं असतं. बाई सांगत, की संध्याकाळी तो पायऱ्यांवर बसे आणि गल्लीतली पोरं भोवती जमत. मी आले तेव्हा त्याची पत्नी तिथेच राहत होती. आता ते घर संग्रहालय आहे.

1975 साल न्यू यॉर्कला फार वाईट गेलं. शहराची तिजोरी रिकामी झाली, हजारो नोकऱ्या गेल्या. यजमानांचा विभागही बंद झाला. त्या महिन्यात मी भाड्याचे पैसे घेऊन खाली गेले, तर बाईंनी ते मोजले, निम्मे परत केले आणि म्हणाल्या, "उरलेलं काम लागल्यावर. आणि तू आता शिकायला जा." आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. "ती माझ्याकडे राहील," एवढंच बोलल्या.

मी लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात हिशेबनिशीच्या वर्गात नाव घातलं. 1971 मध्ये सुरू झालेलं ते कॉलेज सिटी युनिव्हर्सिटीचं होतं आणि तोवर शहरातल्या रहिवाशांना तिथे फी नव्हती. ती 1976 पासून सुरू झाली. मला प्रवेश सहज मिळाला. तो का सहज मिळाला, हे मला नंतर कळलं. 1969 च्या वसंतात सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आवार ताब्यात घेऊन आंदोलन केलं होतं. त्यानंतर 1970 पासून हायस्कूल झालेल्या प्रत्येकाला या विद्यापीठाचं दार उघडं झालं. ज्या बाकावर मी बसले, तो त्या मुलांनी लढून मिळवला होता. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तेव्हा मला माहीत नव्हतं.

मुलगी बालवर्गात गेली तेव्हा बाई एक कागद घेऊन वर आल्या. न्यू यॉर्कमध्ये त्या वेळी स्थानिक शाळा मंडळांच्या निवडणुका होत आणि त्यांत पालकांना, ते नागरिक नसले तरी, मत देता येई. (2002 नंतर ही मंडळंच गेली.) मला हे ठाऊकच नव्हतं. बाईंना ठाऊक होतं, कारण शाळेसाठी काय सोसावं लागतं ते त्यांनी पाहिलं होतं. 1964 मध्ये कोरोनातली पी.एस. 92 आणि जॅक्सन हाइट्समधली पी.एस. 149 या शाळांची जोडी करायचं ठरलं, म्हणजे दोन्हीकडची मुलं एकत्र शिकतील. गोऱ्या पालकांनी त्याविरुद्ध मोठा गदारोळ केला. बाईंचा धाकटा मुलगा त्या पहिल्या वर्षी जंक्शन बुलेवार्ड ओलांडून तिकडच्या शाळेत गेला होता. "माझ्या बापाला उभ्या जन्मात मत देता आलं नाही," त्या म्हणाल्या. "तुला देता येतंय. चल." आयुष्यातलं माझं पहिलं मत मी त्यांच्याबरोबर जाऊन दिलं. भारतात असताना ते राहूनच गेलं होतं.

एकदा गणपतीच्या कार्यक्रमात एक डॉक्टर गृहस्थ म्हणाले, "आपण इथे आपल्या गुणवत्तेवर आलो. यांच्यासारखं सरकारकडे मागत बसलो नाही." 'यांच्यासारखं' म्हणजे कुणासारखं, हे सांगायची गरज नव्हती. मी त्यांना तिथेच विचारलं, की 1950 साली आपल्याकडे गुणवत्ता नव्हती का? 1917 पासून हिंदी माणसांना अमेरिकेची दारं बंद होती. 1946 मध्ये ती किलकिली झाली, ती वर्षाला शंभर माणसांपुरती. अख्ख्या हिंदुस्थानातून शंभर! 1965 मध्ये देशावरून माणूस मोजायची ती पद्धत मोडली आणि पूर्व गोलार्धातल्या कोणत्याही एका देशाला वर्षाला वीस हजारांपर्यंत जागा खुल्या झाल्या. ती का मोडली? कारण त्याआधीची दहा वर्षं कृष्णवर्णीय माणसं तुरुंगात जात होती, कुत्र्यांच्या आणि पाण्याच्या फवाऱ्यांच्या तोंडी उभी राहत होती. 1964 चा नागरी हक्कांचा कायदा, ऑगस्ट 1965 चा मतदानाचा कायदा आणि 3 ऑक्टोबर 1965 रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी सही झालेला आपला स्थलांतराचा कायदा ही एकाच लढ्याची फळं. ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर हे काँग्रेस सदस्य. नागरी हक्कांचा कायदा प्रतिनिधिगृहातून पार नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि आपल्या कायद्याला तर त्यांचं नावच आहे. रंगावरून भेद करायचा नाही असं देशानं घरात एकदा मान्य केल्यावर, दारात उभ्या माणसाला रंगावरून परत पाठवणं टिकणार नव्हतं.

डॉक्टर काही बोलले नाहीत. मी मात्र तेव्हापासून हे प्रत्येक ठिकाणी बोलते. त्या कायद्यानं शिकलेल्यांना निवडून निवडून आत घेतलं, आणि मग त्यांचीच मुलं शाळेत पहिली येतात म्हणून आश्चर्य करायचं, आणि वर ज्यांना पिढ्यानपिढ्या लिहू-वाचू दिलं नाही त्यांच्याशी तुलना करायची, हे मला सहन होत नाही.

माझे आजोबा सत्यशोधक समाजाचे. घरात 'गुलामगिरी'ची प्रत होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं, हे आम्हाला लहानपणी सांगितलेलं. अर्पणपत्रिका मुळात इंग्रजीत आहे. एका सुटीत साताऱ्याहून परतताना मी ती उतरवून आणली आणि बाईंना दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "अठराशे त्र्याहत्तर. माझी आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. गुलामीत जन्मलेली." थोड्या वेळानं पुढे म्हणाल्या, "या तुझ्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं, की आमची माणसंही लढली." ते खरंच होतं. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. मी म्हटलं, "मॅम, त्यांना कळलं असतं तर त्यांनी तेही लिहिलं असतं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही. जोतीरावांबद्दल माझी तशी खात्री आहे. तो कागद बाईंनी आपल्या बायबलमध्ये ठेवला.

आम्ही पुढे स्वतःचं घर घेतलं, तेही क्वीन्समध्येच. लाँग आयलंडला चला म्हणणारे पुष्कळ होते. मी नाही म्हटलं. 1989 मध्ये डेव्हिड डिंकिन्स न्यू यॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले, तोपर्यंत आम्ही नागरिक झालो होतो. मी, यजमान आणि बाई, तिघांनी त्यांना मत दिलं. बाई तेव्हा काठी घेऊन चालत होत्या. त्यानंतर काही वर्षांनी त्या गेल्या. चर्चमध्ये घरच्यांच्या रांगेत त्यांच्या मुलांनी मला बसवलं आणि माझ्या मुलीनं तिथे त्यांच्यावर दोन शब्द वाचले. ती त्यांना आजीच म्हणायची.

अर्ध्या भाड्याची बाकी आम्ही काम लागल्यावर फेडली. बाईंनी ती घेतलीही, कारण हिशेबाला त्या चोख होत्या. बाकीचं देणं मोठं आहे आणि ते एकट्या माझ्यावर नाही. अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात. रविवारी मुलं येतात, श्लोक म्हणतात, शिवरायांची गोष्ट ऐकतात. ते सगळं हवंच. माझी त्या शाळांना आणि त्यांच्या पालकांना एकच विनंती आहे: वर्षातला एक रविवार 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यासाठी ठेवा. आपले आईवडील किंवा आजीआजोबा या देशात कुणाच्या लढ्यामुळे येऊ शकले, ते मुलांना नावांसकट सांगा. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. ती इंग्रजीत आहे, त्यांना अडचण पडणार नाही. आणि वस्तीतल्या एखाद्या कृष्णवर्णीय आजीला त्या दिवशी शाळेत बोलवा, पुढच्या खुर्चीत बसवा, आणि तिचं ऐका.